नवव्या थांब्यावर मी बंद असायचो

मित्रांनो, कमरेला पट्ट्याने बांधायचा लाउडस्पीकर तुम्ही कधी पाहिला आहे का? जेवणाच्या डब्याएवढा असतो. त्याला एक वायर असते आणि वायरीच्या टोकाला कानावर अडकवायचा माईक. घसा बसलेले मास्तर तो लावून शिकवतात. त्यातलाच मी एक, आता पुरता जुना झालेला. माझा एक कोपरा फुटला आहे, पट्ट्याला सेफ्टी पिन लावली आहे आणि बॅटरी वीस मिनिटंसुद्धा टिकत नाही. सध्या माझा मुक्काम अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी, अनिका नावाच्या मुलीच्या कपाटात स्वेटरांच्या खाली आहे. इथे वेळ पुष्कळ आहे, म्हणून म्हटलं, तुम्हाला माझी गोष्ट सांगावी.

आधीच सांगून ठेवतो, गोष्ट आनंदाची नाही. तिच्यात एक मुलगी आहे. तिचं नाव मी इतक्यात घेणार नाही, तोवर तिला धाकटी म्हणेन. का ते ऐकता ऐकता कळेल.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. एका दमलेल्या बाईने माझ्या तोंडावर जाळी बसवली, माईक तोंडाशी धरला आणि ती खोकली. खोकला मोठा होऊन बाहेर आला तेव्हा तिने मला पास केलं. माझ्यातून निघालेला पहिला आवाज हा असा होता. पुढे ज्या बाईची मी नऊ वर्षं सोबत केली, तिचाही खोकला मला फार ओळखीचा झाला.

२००९ साली मला लतिकाकाकूंनी विकत घेतलं. काकू १९७१ साली डॉक्टर नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या, नंतर एकट्या राहिल्या आणि दर रविवारी भाड्याच्या खोल्यांमध्ये मराठी शाळा चालवू लागल्या. पस्तीस मुलं, आणि प्रत्येकाचं एकाच वेळी इंग्रजीत काहीतरी चाललेलं. काकूंचा घसा दुसऱ्या तासाला बसायचा. मी कमरेला आलो आणि काकूंनी सगळ्यांना सांगून टाकलं, "याने माझा घसा वाचवला हो." माझी छाती फुगली होती हे कबूल करतो. बाराखडी मी इतक्या वेळा मोठ्याने म्हटली आहे की माझं मराठी तुमच्याइतकंच पक्कं झालं. चारेक वर्षांनी शेवटच्या बाकावर हीच अनिका येऊन बसू लागली, तेव्हा सहा वर्षांची. तिला माझं फार आकर्षण. काकूंची पाठ वळली की ती माईकमध्ये फुंकर मारायची आणि मी शिट्टी वाजवून तिला पकडून द्यायचो. नको तेव्हा शिट्टी वाजवायची खोड मला पहिल्यापासून होती. ही खोड लक्षात ठेवा.

२०१४ च्या जानेवारीत, तिकडच्या सुट्टीच्या सोमवारी, काकू शाळेची सहल घेऊन हॉलोवे स्प्रिंग्ज नावाच्या लहानशा गावी गेल्या. कॅरीपासून गाडीने दीड तास. या गावात पूर्वी काळ्या लोकांना नळ वेगळा होता, शाळा वेगळी होती आणि दवाखान्यात शिरायला मागचं दार होतं. १९६३ साली तिथल्या शाळकरी मुलांनी याविरुद्ध मोर्चे काढले आणि पोलिसांनी त्यांना धरून नेलं. त्या मुलांपैकी जी म्हातारी होऊन अजून गावात होती, ती लोकांना पायी फिरवून सगळं दाखवत. आम्ही गेलो तेव्हा असे चौघे होते. आमच्या वाट्याला आल्या मिस अर्नेस्टीन.

तिकडे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावतात, आपण मावशी म्हणतो तसं. मिस अर्नेस्टीन सदुसष्ट वर्षांच्या होत्या, काठीसारख्या सरळ, डोक्यावर जांभळी टोपी. गावात दाखवायच्या नऊ जागा त्यांनी ठरवल्या होत्या. पहिल्या थांब्यावर त्यांचा आवाज खणखणीत होता. तिसऱ्यावर तो चिरकला, चौथ्यावर नुसती हवा येऊ लागली. सहलीला आलेल्या एका मुलाच्या बाबांनी शेजारच्याला हळूच म्हटलं, "आपल्याकडे असलं काही नव्हतं यार." लतिकाकाकूंना ते ऐकू गेलं. "आमच्या गावात विहीर वेगळी होती," त्या म्हणाल्या. "मी पाणी भरायला जायचे ना, मला ठाऊक आहे." मग त्यांनी पिशवीतून मला काढलं आणि काही न विचारता मिस अर्नेस्टीनच्या कमरेला बांधलं.

मिस अर्नेस्टीन मला बघून आधी दचकल्या. मागे सरकल्या. मग काकूंच्या तोंडाकडे पाहून त्यांनी माईक कानावर अडकवला. पाचव्या थांब्यावर रस्त्यापलीकडच्या माणसानेही मान वळवून ऐकलं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

आठ थांबे मी माझं काम चोख केलं. चर्चच्या पायऱ्या, जुनं वाचनालय, कोर्टासमोरचा चौक. पूर्वी जिथे काळ्या मुलांना उभंही राहू देत नसत, त्या दुकानात आता कॉफी मिळते, तिथला मालक बाहेर येऊन न मागता सांगायचा की तेव्हा आम्ही इथे नव्हतो. मिस अर्नेस्टीन म्हणायच्या, "मी होते." पुढे चालू लागायच्या.

आठव्या थांब्यानंतर एक उतार लागतो. उतार संपला की तंबाखूच्या लिलावाचं एक पत्र्याचं गोदाम. तिथे पोचलं की मिस अर्नेस्टीन थांबायच्या, पोटाशी हात न्यायच्या आणि माझा खटका बंद करायच्या. मग मला कमरेवरून सोडून समोर जो कोणी असेल त्याच्या हातात द्यायच्या. "हे धर जरा, बाळा. इथलं मी माझ्या दमावर सांगते. ऐकायचं असेल तर जवळ या." त्या अर्थातच इंग्रजीत बोलायच्या, मी ते तुमच्यासाठी मराठीत आणलं आहे.

पहिल्या दिवशी मला धरलं होतं लतिकाकाकूंनी. खरं सांगतो, मला राग आला होता. आठ थांबे राबायचं आणि ऐन वेळी बाजूला व्हायचं? पण बंद असलो तरी मला ऐकू येतं, मित्रांनो. फक्त ऐकलेलं पुढे पाठवता येत नाही. त्या दिवशी मी ऐकलं आणि माझा राग गेला.

जुलै महिना होता. अर्नेस्टीन सोळा वर्षांची, धाकटी बहीण तेरा वर्षांची. धाकटीला दमा. आईने तिला घरात ठेवून थोरलीला बजावलं होतं की हिला नेऊ नकोस. धाकटी मागे लागली आणि थोरली म्हणाली, "चल." चौकात सगळ्यांना धरलं. तुरुंग भरला होता, म्हणून बासष्ट मुलींना या गोदामात कोंडलं. लिलावाचा मोसम यायचा होता, गोदाम रिकामं होतं, पण वर्षानुवर्षांची तंबाखूची भुकटी फटीफटीत बसलेली. बासष्ट जणी चालल्या की ती उडायची. वर पत्रा तापलेला. धाकटीला श्वास घेता येईना. थोरलीने तिला दाराशी पालथं झोपवलं, दाराखाली दोन बोटं फट होती, तिथे तिचं नाक लावलं. दोन दिवस आणि दोन रात्री ती तिथे पडून होती आणि थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मुलगी सोडवायची तर पालकाने येऊन कागदावर सही करायची होती. त्या कागदावर एक रकाना होता, तुमच्या मुलीला मोर्चात कोणी नेलं. ज्या मुलीचं नाव तिथे येईल तिला एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात टाकणार, असं पोलिसांनी जाहीर केलं होतं. आईला ठाऊक होतं कोणी नेलं ते. धाकटीला सोडवायचं तर थोरलीचं नाव लिहावं लागणार होतं. पोलिसांची गाडी छतावर भोंगा लावून त्यांच्या वस्तीतून फिरायची आणि मुलींची नावं पुकारायची. धाकटीचं नाव दोन दिवस आईच्या दारापुढून असं गेलं. प्रत्येक वेळी आई दारात यायची आणि आत जायची.

तिसऱ्या दिवशी आई आली. रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं. पोलीस हसले, पण धाकटीला सोडलं, थोरलीलाही. दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी घरी, आईच्या मांडीवर गेली. म्हणून कागदोपत्री मृत्यू घरी झाला, दम्याने झाला, आणि गोदामात कोणाला काही झालं नाही. गावाच्या दप्तरात आजही असंच आहे.

आई पुढे चाळीस वर्षं जगली. मरताना तिने थोरलीकडून एक वचन घेतलं. तिची गोष्ट सांग, सगळ्यांना सांग, पण तिचं नाव पुन्हा कधी भोंग्यातून येऊ देऊ नकोस.

आता कळलं ना, मिस अर्नेस्टीन मला बघून का दचकल्या होत्या. माझ्याच जातीच्या कोणीतरी ते काम केलं होतं. मी तेव्हा नव्हतो, असं त्या कॉफीवाल्यासारखं मीही म्हणू शकतो. मला ते म्हणवत नाही.

मिस अर्नेस्टीन शेवटी धाकटीचं नाव घ्यायच्या. एकदाच, हळू. जवळ उभं राहिलेल्यालाच ते मिळायचं. मग माझ्याकडे वळून मला परत घ्यायच्या, खटका लावायच्या आणि म्हणायच्या, "थँक यू, बेबी." ते मला म्हणायच्या की मला धरणाऱ्याला, हे मी कधी ठरवू शकलो नाही.

अशी नऊ वर्षं गेली. दर जानेवारीत काकू कॅरीहून नवी माणसं घेऊन यायच्या, बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. मिस अर्नेस्टीन एक पुरी खायच्या आणि दोन कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायच्या. चौघांपैकी एक गेला, मग दुसरी गेली, मग तिसऱ्याची आठवण गेली. मिस अर्नेस्टीन एकट्या उरल्या. तंबाखूची ती भुकटी साठ वर्षं त्यांच्याही छातीत होती, असं त्यांचे डॉक्टर म्हणायचे. माझा आवाज मी दरवर्षी थोडा थोडा वाढवत नेला, तेव्हा कुठे त्यांचा होता तेवढा राहिला.

काकूंच्या गाड्यांपैकी मोठी गाडी चालवायचा सिद्धेश, अनिकाचा बाबा. मूळ नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, स्वभावाने परोपकारी. काकूंचे गुडघे दुखतात, लहान मुलं दमतात, म्हणून हा दरवर्षी आठव्या थांब्यावरून मागे फिरायचा आणि गाडी घेऊन गोदामापाशी यायचा. "तुम्ही ऐका, मी गाडी आणतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सगळे त्याला दुवा द्यायचे. नऊ वर्षांत त्याने नववा थांबा एकदाही ऐकला नाही आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, त्याच्याही नाही.

२०२३ मध्ये ते गोदाम विकलं गेलं. तिथे राहायची घरं होणार होती. नगर समितीने ठरवलं की दारावर इतिहासाची एक पाटी लावायची. मिस अर्नेस्टीननी सांगितलं, पाटीवर माझ्या बहिणीचं नाव हवं. समिती म्हणाली, दप्तरात तशी नोंद नाही, तुमची साक्ष द्या, एप्रिलमध्ये सुनावणी आहे, तुम्हाला येणं जमत नसेल तर रेकॉर्ड करून पाठवा. मिस अर्नेस्टीनना तोवर दहा पावलांवर थांबावं लागत होतं. काकूंनी फोनवर सुचवलं की लिहून द्या. "लिहिलेलं ते चाळतात," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "मला त्यांनी ऐकायला हवंय. आणि रेकॉर्डिंग म्हणजे भोंगा नाही, लतिका. ज्याला ऐकायचंय तो कानाला लावून ऐकेल. आईला ते चाललं असतं."

हे काम सिद्धेशने अंगावर घेतलं. मार्चच्या एका शनिवारी तो आला, बरोबर पंधरा वर्षांची अनिका. काकू गुडघ्यामुळे घरीच होत्या. सिद्धेशने खिशातून चपटा रेकॉर्डर काढला आणि त्याची वायर माझ्या कुशीत खुपसली.

"बाबा, व्हाय नॉट जस्ट होल्ड इट निअर हर?" अनिकाने विचारलं.

"वारा किती आहे बघ ना. ट्रॅफिकचा आवाज येईल. स्पीकरमधून डायरेक्ट घेतलं की एकदम क्लीन येतं." मग तो मिस अर्नेस्टीनना म्हणाला, "तुम्ही याच्याकडे लक्षच देऊ नका. नेहमी करता तसंच सगळं करा."

त्यांनी तसंच केलं. आठ थांबे त्या त्या दिवशी जशा बोलल्या तशा कधी बोलल्या नव्हत्या. थांबत, धापा टाकत, पण एक शब्द न गाळता. आठव्या थांब्यावर सिद्धेशने पाहिलं की त्यांचे ओठ निळे पडले आहेत. परत चढावर चालायला लागू नये म्हणून तो म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा, मी गाडी आणतो." आणि पळत गेला.

गोदामापाशी मिस अर्नेस्टीननी पोटाशी हात नेला. माझा खटका बंद झाला. त्यांनी मला सोडलं, रेकॉर्डरसकट अनिकाच्या हातात दिलं. "हे धर जरा, बाळा."

अनिकाने रेकॉर्डरकडे पाहिलं. लाल दिवा लागलेला होता, आकडे पळत होते. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती जवळ सरकली. मिस अर्नेस्टीनना वाटलं, ते यंत्र आपल्या कानांनी ऐकतं आहे. सिद्धेशला वाटलं, मी चालू आहे. कोणाचंच काही चुकलं नव्हतं. माझ्या कुशीतल्या वायरीतून काहीही जात नाही, हे त्या रस्त्यावर एकट्या मला माहीत होतं. मित्रांनो, नको तेव्हा शिट्टी वाजवणारा मी, त्या दिवशी एक खरखर करता आली असती तर. पण मी बंद होतो. मी दुसऱ्यांचा आवाज मोठा करतो, मला स्वतःचा नाही. हे दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या तेवीस मिनिटं बोलल्या. इतकं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. भुकटीचा वास, धाकटीच्या फ्रॉकवरची बटणं, दाराखालच्या फटीतून दिसणारे पहारेकऱ्याचे बूट, आणि पहाटे आईच्या मांडीवर ती शेवटी काय म्हणाली ते. शेवटी नाव. मग खटका लागला. "थँक यू, बेबी."

गाडी आली. सिद्धेशने विचारलं, "सगळं झालं ना?"

"सगळं," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. त्यांनी मला परत कमरेला बांधलं नाही. अनिकाला म्हणाल्या, तुझ्याकडेच ठेव.

चार दिवसांनी त्यांना दवाखान्यात नेलं आणि रेकॉर्डिंगनंतर अकराव्या दिवशी त्या वारल्या. सिद्धेशने ती फाइल तोवर उघडली नव्हती. ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज चालू होता, आणि घाईत ऐकण्याची गोष्ट नाही, शांतपणे एडिट करू, असं त्याला वाटलं होतं. अंत्यविधीहून आल्यावर त्याने टेबलाशी बसून हेडफोन लावला. मी टेबलावरच होतो. आठ थांबे स्वच्छ, प्रत्येक श्वाससुद्धा. मग एक टक् असा आवाज. मग काहीच नाही. वारासुद्धा नाही, कारण वारा येऊ नये अशीच सोय त्याने केली होती. तेवीस मिनिटांनी पुन्हा टक्, आणि थँक यू, बेबी.

त्याने तीनदा लावून पाहिलं. आवाज पूर्ण वाढवून पाहिलं. मग अनिकाला हाक मारली. तिने हेडफोन लावला, ऐकलं, आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या खटक्याकडे.

"शी टर्न्ड इट ऑफ," ती म्हणाली. "शी ऑलवेज टर्न्स इट ऑफ."

"ऑलवेज?" सिद्धेश म्हणाला. "मग मला कोणी सांगितलं कसं नाही?"

अनिकाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. सिद्धेश डोकं धरून बसला. अकरा दिवस हातात होते, त्यातले पहिले चार तरी त्या बोलू शकत होत्या. हेच तो पुटपुटत होता.

सुनावणीला तिघं गेले, काकू काठी टेकत. मी काकूंच्या पिशवीत. जाताना गाडीतच वाद झाला. काकू म्हणाल्या, "मी बोलले असते ग, पण मला निम्मं आठवतं, निम्मं मी माझ्या पदरचं घालीन. तू नुकतंच ऐकलंयस. तूच सांग. आणि माईकवर सांग, म्हणजे नोंदीत जाईल."

"नोंदीत पाहिजे, अनिका," सिद्धेश म्हणाला. "एकदा रेकॉर्डवर आलं की कोणाला पुसता येत नाही."

"तिने प्रॉमिस केलं होतं, काकू."

"तिने केलं होतं. तू कुठे केलंस?"

"शी गेव्ह मी द स्पीकर," अनिका म्हणाली. मग दीड तास खिडकीबाहेर पाहत राहिली.

समितीचे सात जण एका लांब टेबलामागे बसले होते. बाजूला एक बाई बोललेलं सगळं टाइप करत होती. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. आधी सिद्धेश उठला. त्याने रेकॉर्डिंग कसं फसलं ते सगळ्यांदेखत सांगितलं, काही न लपवता. अध्यक्षांनी आभार मानून विचारलं, मग आमच्यापुढे साक्ष काहीच नाही का?

अनिका उठली. समोरच्या उंच स्टँडवर माईक होता आणि छताला भोंगे होते. ती माईकपाशी गेली. मी काकूंच्या मांडीवर होतो, त्यांचे हात माझ्यावर घट्ट आवळले गेले. अनिकाने माईक हातात धरला, थोडा वेळ धरूनच ठेवला, आणि मग दुसरीकडे वळवला.

"मला माईकवर सांगता येणार नाही," ती म्हणाली. "ज्यांना ऐकायचंय त्यांनी प्लीज जवळ या."

अध्यक्ष म्हणाले, माईकवर नाही बोललीस तर ते नोंदीत जाणार नाही, हे तुला कळतं आहे ना? अनिकाने मान हलवली. तिचे डोळे भरले होते. कोणी हललं नाही. मग काकू उठल्या, मला कडेवर घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. सातातले दोघे उठून आले. आणि टाइप करणारी बाई, तिनेही बोटं थांबवली, खुर्ची मागे सारली आणि ती आली.

अनिकाने सांगितलं. फट, भुकटी, रकाना, पुकारा. तीन मिनिटांची घंटा वाजली, तरी ती बोलत राहिली. शेवटी नाव घेतलं, एकदाच, हळू. टेबलामागच्या पाच जणांना ते ऐकू आलं नाही. त्यांच्यातला एक जण फोन पाहत होता.

मतदान झालं. पाच विरुद्ध दोन. कार्यवृत्तात त्या जागी एवढंच आलं, वक्त्याचे बोलणे नोंदवता आले नाही.

परतीच्या वाटेवर सिद्धेश गाडी चालवत होता. मग न राहवून म्हणाला, "एक नाव होतं, अनिका. एकदा माईकवर म्हटलं असतंस तर पाटीवर आलं असतं."

"बाबा," अनिका म्हणाली, "यू वेअर ऑलवेज गेटिंग द कार."

"पुरे आता दोघांचं," काकू म्हणाल्या.

कोण बरोबर, ते मला आजही सांगता येत नाही. कपाटात बसून मी दोन्ही बाजूंनी विचार करतो. गोदामाची आता घरं झाली आहेत, गॅलऱ्यांत कुंड्या आहेत, दार नवं आहे आणि त्याखाली फट नाही. पाटी लागली आहे. तिच्यावर लिहिलंय की १९६३ साली या इमारतीत काही विद्यार्थ्यांना अल्पकाळ ठेवण्यात आले होते. गावातल्या त्या पायी फेऱ्या बंद झाल्या, दाखवायला कोणी उरलं नाही. सिद्धेशने ती फाइल पुसलेली नाही. अजून कधी कधी तो हेडफोन लावून तेवीस मिनिटं तसाच बसतो. एका जानेवारीत तो एकटा हॉलोवे स्प्रिंग्जला जाऊन आला. गाडी लांब लावून उतारावरून चालत गेला, असं अनिका काकूंना फोनवर सांगत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी आपली निगा राखा म्हणून विनवतात. माझी बॅटरी बदलू नका, मला पुसू नका, त्याने आता काही व्हायचं नाही. मागणं आहे ते वेगळं. तुमच्या घरात, गल्लीत एखादं म्हातारं माणूस असेल, ज्याने काही सोसलं आहे. ते बोलू लागलं की लाल दिवा लागला आहे ना, एवढं बघून निर्धास्त होऊ नका. गाडी नंतर आणा. जवळ जा, शेवटपर्यंत ऐका, कारण त्याच्या मागून सांगायला कदाचित तुम्हीच असाल.

आणि आता ते नाव. मी भोंगा आहे, मला ते उच्चारायचा अधिकार नाही. पण हे लिहिलेलं आहे, आणि लिहिलेल्याला आवाज नसतो. वर्गात हा धडा मोठ्याने वाचायला सांगितला, तर इथवर वाचा आणि थांबा. शेवटची ओळ शेजारच्या एकालाच, त्याच्या कानाशी, हळू सांगा.

तिचं नाव लुएला. ती तेरा वर्षांची होती.